लोड पासिंगपुरताच

गोंदिया जिल्ह्यात घाट आहे, हे पुण्या-साताऱ्याकडच्या पाहुण्याला पटत नाही. कोहमाऱ्याहून देवरीकडे निघालं की राष्ट्रीय महामार्ग ५३ वर, म्हणजे आमच्या जुन्या सहा नंबरच्या हायवेवर, मासुलकसा घाट लागतो. पाहुणा कारच्या खिडकीतून बाहेर बघत विचारतो, "घाट कधी येणार?" आपण सांगतो, "आत्ता गेला तो." वरंधा, आंबा, खंबाटकी असली नावं घेत मोठ्या झालेल्या माणसाला दोष कसा द्यायचा? मासुलकसा दिसायला पाठीवर तांदळाची पोती लागतात. कारमधून तो लक्षातही येत नाही, भरल्या ट्रकमधून तो संपत नाही.

मला तो झाड न् झाड पाठ आहे. मोबाइलला रेंज कुठल्या सागाखाली मिळते, चाकामागे लावायला बरा दगड कुठे पडलेला असतो, हे मी अंधारातही सांगीन. कारण आमचा ट्रक तिथे थांबायचा. कुणी हात दाखवायची गरज नव्हती, तो स्वतःहून थांबायचा.

आमचा म्हणजे साळेबुवांचा. मी शाळामास्तर माणूस, निवृत्तीचे पैसे हातात पडले त्याच आठवड्यात साळेबुवा घरी आले आणि पलंगावर मांडी घालून म्हणाले, "भाऊजी, बँकेत पैसा झोपते. ट्रकात टाका, पैसा धावते." पैसा धावला हे खरं. कोणत्या दिशेनं धावेल, हे त्यांनी सांगितलं नव्हतं आणि मी विचारलं नव्हतं.

ट्रक जुनाच घेतला, दहाचाकी, २०१८ सालचा. त्या सालाला साळेबुवांच्या लेखी फार मोल. त्याच वर्षी केंद्र सरकारनं ट्रकांची वजनमर्यादा वाढवली आणि दहाचाकीचं गाडीसकट एकूण वजन २५ टनांवरून साडेअठ्ठावीस टनांवर नेलं. कुणी हा निर्णय धोरण म्हणून वाचला असेल. साळेबुवांनी तो कबुलीजबाब म्हणून वाचला. "पाहा भाऊजी, म्हणजे इतकी वर्षं सरकार कमी सांगत होतं. मग आतासुद्धा कमीच सांगत असंन."

गाडी घरी आल्यावर त्यांनी तिच्यात सुधारणा केल्या. मागच्या फाळक्यावर मुलीचं नाव रंगवलं. समोर काळे गोंडे लावले. नागपूरहून एक हॉर्न आणला, जो वाजला की आमच्या आळीतली म्हातारी माणसं नातवंडांना पोटाशी धरत. आणि डिझेलच्या टाकीला एक झाकण आणलं. जाड लोखंडी, कुलपाचं. ढाब्यावर झोपलेल्या गाड्यांतून रात्री डिझेल चोरीला जातं, त्यावर हा उपाय. झाकणाखाली बसवायला जुन्या ट्यूबची रबरी चकती त्यांनी स्वतः कातरली, दोन-दोन थरांची. "आता एक थेंब बाहेर नाही, एक कण आत नाही," असं म्हणून त्यांनी किल्ली जानव्याला बांधली.

आजार असा होता. गाडी रिकामी असली की वाऱ्यावर चाले. भरली की सपाटीवर तक्रार नाही. पण चढ लागला, ड्रायव्हरनं गिअर खाली घेतला, पाय दाबला, की इंजिन आधी पिकअप सोडी, मग दोन झटके देई, आणि मग एकदम शांतता. त्या शांततेत रातकिडे ऐकू येत. ड्रायव्हर उतरून चाकामागे दगड लावी, रस्त्याच्या कडेला उकिडवा बसून एक बीडी ओढी, पुन्हा वर चढून किल्ली फिरवी, आणि गाडी जणू काही घडलंच नाही अशी सुरू होई. पुढच्या वळणावर पुन्हा तेच. आमचा जिल्हा तेंदूपत्त्याचा. बिड्यांना तोटा नाही. काही दिवसांनी ड्रायव्हर अंतर किलोमीटरमध्ये मोजेनासा झाला. "मासुलकसा किती मोठा घाट आहे हो?" असं मी विचारलं, तेव्हा तो म्हणाला, "भरल्या गाडीले तीन बिड्याचा हाये जी. पान्यापावसात चार."

बंद पडलेल्या ट्रकची एक गोष्ट मला आवडते. त्याच्याभोवती जमणाऱ्या प्रत्येकाला बिघाड माहीत असतो. पानठेल्यावर उभं राहून नुसतं "गाडी चढावर बसते" म्हणायचा अवकाश, खर्रा घोटणारा हातसुद्धा न थांबवता सांगतो, "डिझेलमंधी पानी." शेजारचा म्हणतो, "पानी नाही, राकेल." तिसरा दोघांकडे दयेनं बघतो आणि "टर्बो" एवढा एकच शब्द टाकून पिंक टाकायला बाजूला होतो. जितकं कमी बोललं तितकं ज्ञान मोठं दिसतं, हे त्याला उमगलेलं आहे.

कोहमाऱ्याच्या नाक्यावरचा मिस्त्री मात्र खराखुरा जाणकार. त्यानं बोनेटकडे बघितलंही नाही. आधी गाडीभोवती एक चक्कर मारली, खाली वाकून मागच्या चाकांवरचे पाटे पाहिले आणि विचारलं, "किती लोडवर बंद पडते?"

"पासिंगपुरताच असतो जी," साळेबुवा म्हणाले.

मिस्त्रीनं पुन्हा पाट्यांकडे पाहिलं. ते पाटे मुळात ज्या बाजूला वाकलेले असायला हवेत त्याच्या उलट बाजूला वाकले होते. "पक्कं?"

"बिल्टीवर हाये न."

साखरेचा रोगी डॉक्टरला "गोड? छे, केव्हाच सोडलं" असं सांगताना ज्या निर्मळ चेहऱ्यानं बसतो, तो चेहरा साळेबुवांनी केला होता. मिस्त्रीनं सुस्कारा सोडला आणि फिल्टर खोलला. डिझेलचा फिल्टर बदलला, पाणी वेगळं करणारी वाटी साफ केली, पाइपांचे तांब्याचे वायसर बदलले, हातपंप मारून लाइनमधली एअर काढली. "लाइन कुठूनतरी हवा घेते जी. डिझेलबरोबर हवा गेली का इंजिन मरते." मग ट्रायल. आम्ही सगळे केबिनमध्ये बसून सडक अर्जुनीपर्यंत गेलो आणि परत आलो. गाडी काय पळाली! मिस्त्रीनं बिल केलं, साळेबुवांनी दिलं, मी नारळ फोडला.

नारळ फुटताना एक शंका माझ्या मनात येऊन गेली. गाडी रिकामी होती. ती रिकामी कधीच बंद पडत नव्हती. तेव्हा ती बंद पडली नाही, यानं काय सिद्ध झालं? पण समोर सगळे खोबरं खात होते आणि खोबरं खाणाऱ्या माणसांना तर्कशास्त्र सांगू नये. पुढे लक्षात आलं की ट्रकचं सगळं वैद्यकशास्त्र असंच चालतं. आजार होतो भरल्या गाडीला, चढावर, रात्री, जंगलात. उपचार होतो रिकाम्या गाडीवर, सपाटीला, दिवसा, चहाच्या टपरीसमोर. दोघांची गाठच पडत नाही.

पुढची गाठ मुरदोलीच्या जंगलात पडली. गोरेगावकडच्या एका राइस मिलमधून तांदूळ भरला होता, अंधार पडला होता, आणि एका बेताच्या चढावर गाडीनं ते दोन झटके दिले. हा रस्ता नवेगाव आणि नागझिऱ्याच्या जंगलांमधून जातो. २०१३ साली दोन्ही मिळून व्याघ्र प्रकल्प झाला. वन्यप्राणी रस्ता ओलांडतात, वाहने सावकाश चालवा, अशी पाटी आमच्या दिव्यांच्या उजेडात नेमकी समोर होती. आम्ही सूचनेच्या पुढे जाऊन थांबलोच होतो.

ड्रायव्हरनं क्लीनर पोराला सांगितलं, "उतर, दगड लाव."

"वाघ हाये जी."

"मंग गाडी मागं जाईन न."

"जाऊ द्या. मागं गोरेगाव हाये."

मी त्याला धीर दिला, "अरे, उतर की, काही होत नाही." तर पोरगं म्हणालं, "मंग तुमीच उतरा न गुरुजी. तुमी मालक हा." भागीदारीतला माझा वाटा मी त्या क्षणी स्वखुशीनं नाकारला. शेवटी ड्रायव्हर उतरला आणि त्या रात्री त्यानं बीडी इतक्या घाईनं ओढली की गाडी सुरूच होईना. तिला तिची वेळ पाहिजे होती. दुसरी पेटवावी लागली.

मग पंपवाला. इथे गोंदियाला यावं लागलं. डिझेल पंपाची लॅब म्हणजे आमच्याकडचं सर्वांत स्वच्छ ठिकाण. काचेचं दार, आत थंडगार, चपला बाहेर. पंपवाले पंपाला मायकोच म्हणतात, पंप कुणाचाही असो. मायको म्हणजे १९५१ साली बंगळुरूत निघालेली कंपनी. २००८ साली तिचं नाव बॉश झालं, पण आमच्या लॅबमध्ये अजून मायकोच चालू आहे. पंपवाल्यानं पंप उघडून पांढऱ्या कापडावर मांडला आणि आवाज खाली आणून म्हणाला, "गुरुजी, आत सोळाशे बार प्रेशर असते." कारच्या टायरमध्ये सव्वादोन बार हवा असते, तीसुद्धा मी दर वेळी पंक्चरवाल्याकडून मोजून घेतो. सोळाशे म्हटल्यावर मी दोन पावलं मागे सरलो. पंपाला काय झालं होतं? पंपवाल्याच्या मते, पंपालाच झालं होतं. सील, रिंगा, व्हॉल्व्ह, सगळं नवं. एक भाग नागपूरला होता. १९९९ साली आम्ही भंडाऱ्यापासून वेगळे होऊन स्वतंत्र जिल्हा झालो, तरी सुटा भाग नेहमी नागपूरलाच असतो आणि तो नेहमी उद्याच येतो.

ट्रायल? रिकामी. रिंग रोडला. विमान!

या मोकळ्या दिवसांत मी घरी पुस्तकं काढली. शिक्षकाला एवढंच येतं. रुडॉल्फ डिझेल नावाच्या जर्मन इंजिनिअरनं १८९७ साली आउग्सबुर्गला हे इंजिन चालवून दाखवलं. १९०० च्या पॅरिसच्या जागतिक प्रदर्शनात तर एक डिझेल इंजिन शेंगदाण्याच्या तेलावर चाललं. गॅरेजमध्ये ही माहिती मी मोठ्या उत्साहानं सांगितली. साळेबुवांनी शेंगदाणा तेलाचा भाव मनात लावून पाहिला आणि मान हलवली. मग म्हणाले, "आपल्याकडे कोंड्याचं तेल निघते. त्यावर चालंन का?" मिस्त्रीला वेगळाच प्रश्न पडला, "हा डिझेल बसते कुठं? गॅरेज हाये का त्याचं?" मी म्हटलं, तो नाही आता, १९१३ साली बोटीनं इंग्लंडला जाताना रात्री नाहीसा झाला, सकाळी खोलीत नव्हता.

ड्रायव्हर इतका वेळ गप्प होता. तो म्हणाला, "उधारी असंन."

मी घरी जाऊन पुन्हा पुस्तक उघडलं. खरंच, त्या काळात तो माणूस कर्जात बुडालेला होता. शंभर वर्षं लोक खून, हेरगिरी, काय काय तर्क लढवतात. आमच्या ड्रायव्हरनं बीडी न विझवता निकाल दिला होता.

आता लॅपटॉपवाला. या पिढीच्या गाड्यांत संगणक असतो, त्याला वायर जोडली की गाडी स्वतःचं दुखणं स्वतः सांगते, अशी त्याची ख्याती. तो आला, स्टिअरिंगखाली वायर खुपसली, पडद्यावर आकडे धावले, आणि त्यानं आमच्याकडे न बघता सांगितलं, "रेल प्रेशर लो."

"म्हणजे?"

"म्हंजे पुढं डिझेल कमी येऊन राहिलं."

"हे तर ड्रायव्हर पहिल्या दिवसापासून सांगतो आहे."

"पन कोड नाही न सांगत तो."

यावर कुणाला काही बोलता आलं नाही. त्यानं एक सेन्सर बदलला, हार्नेसला नवी टेप गुंडाळली, कोड पुसून टाकला. कोड पुसल्यावर पडदा इतका स्वच्छ दिसला की साळेबुवांच्या डोळ्यांत पाणी आलं. टर्बोवाल्यानं टर्बो बदलला, त्यात सांगण्यासारखं काही नाही. त्यानं आम्हाला बघितलं आणि बदलला. टायरवाल्यानं ब्रेक चिकटतात म्हणून सांगितलं. सासूबाईंना गाडी कोणत्या तिथीला घेतली ते आठवलं. प्रत्येकाच्या दुकानात जे होतं, तेच आमच्या गाडीत बिघडलेलं निघत होतं, आणि कुणीही खोटं बोलत नव्हतं, हीच तर पंचाईत.

एके रात्री मासुलकशाच्या अलीकडेच गाडी थांबली. थंडीचे दिवस, झाडीपट्टीच्या नाटकांचा हंगाम. ही नाटकं रात्रभर चालतात. पहाटे चारच्या सुमाराला जवळच्या गावातलं नाटक सुटलं आणि चादरी पांघरलेला सगळा प्रेक्षकवर्ग आमच्या गाडीभोवती जमला. माणूस रात्रभर दुसऱ्याचं दुःख बघून ताजा झालेला असला की त्याच्या मदतीला सीमा नसते. कुणी चाकावर लाथ मारून पाहिली. कुणी बोनेटला कान लावला. एका म्हातारबुवांनी टाकीवर बोटानं टकटक केलं, ऐकलं आणि म्हणाले, "भरेल हाये." एक आजी शेवटच्या अंकात रडत होत्या, त्यांचे डोळे अजून पुसायचे होते, आमची हकीकत ऐकून त्यांनी नव्यानं सुरुवात केली. मग सगळ्यांनी मिळून ट्रक ढकलायचं ठरवलं. भरलेला दहाचाकी ट्रक, चढावर. जोर लावला, गाडी अर्थातच हलली नाही, पण एवढ्यात बीडीभर वेळ होऊन गेला होता. ड्रायव्हरनं किल्ली फिरवली, इंजिन सुरू झालं, आणि ते लोक आपणच ट्रक सुरू केला या आनंदात घरी गेले. आजवर आमच्यासाठी खपलेल्यांत पैसे न मागणारे तेवढेच.

शेवटी मीच मुद्दा मांडला, की ट्रायल भरल्या गाडीची झाली पाहिजे. सभा शांत झाली. कल्पना सर्वांना पटली, पण बिघडलेल्या गाडीत माल कोण भरणार? तांदूळवाला म्हणाला, आधी दुरुस्त करून आणा. मिस्त्री म्हणाला, आधी भरून आणा. साळेबुवांनी एक मिलवाला गाठला आणि ऐटीत गाडी भरून आणली, फाळक्याच्या वर दोन पुरुष उंच, ताडपत्री ताणून बांधलेली. आम्ही सगळे बसलो, मासुलकसा चढलो, उतरलो, पुन्हा चढलो. एक झटका नाही! पंपवाल्यानं पंपाचं श्रेय घेतलं, लॅपटॉपवाल्यानं सेन्सरचं. ताडपत्रीचा कोपरा वाऱ्यानं सुटला तेव्हा मला कळलं, आत धानाचा तूस होता. डोंगराएवढा माल, आणि वजन एखाद्या बऱ्या लग्नाच्या वऱ्हाडाहून कमी.

"भरूनच आणली न," साळेबुवा म्हणाले. "तुम्ही वजनाचं कुठं बोलले?"

मग गिट्टी. ओळखीच्या क्रशरवाल्याकडून उसनी घेतली. परत आणून टाकायच्या बोलीवर. जाताना कागद तपासणाऱ्या एका साहेबांनी अडवलं. "माल कुठं चालला?"

"कुठंच नाही साहेब," साळेबुवा म्हणाले, "घाट चढवून वापस आणतो."

"आणि?"

"आणि होता तिथं टाकून देतो."

साहेबांनी त्यांच्या नोकरीत पुष्कळ सबबी ऐकल्या असतील. ही ऐकून ते खुर्चीतून उठले. पावती होती, सगळं रीतसर होतं, पण रीतसर माणूस गिट्टी फिरायला नेत नाही, असं त्यांचं म्हणणं. संध्याकाळपर्यंत आम्ही खरं सांगत राहिलो आणि संशय वाढत राहिला. चढायचं राहूनच गेलं. सुटका झाली ती ड्रायव्हरनं "माल देवरीले एका पुलाच्या कामावर चाल्ला जी" असं साधं खोटं सांगितल्यावर.

यानंतर आमच्या गाडीला ज्यानं बरं केलं, त्याची आमची ओळख नाही. तो रात्री आला. कोहमाऱ्याच्या अलीकडे ढाब्यावर गाडी लावून ड्रायव्हर आणि मी बाजेवर झोपलो होतो, क्लीनर केबिनमध्ये. सकाळी बघतो तो टाकीचं झाकण नाही. कुलूप तोडून झाकणासकट नेलेलं, टाकीतलं डिझेल बरंचसं उपसलेलं, मातीवर नळीचा ओला माग. साळेबुवांना फोन लावला. बराच वेळ पलीकडून नुसता श्वास ऐकू आला. मग ते म्हणाले, "किल्ली तर माझ्याजवळच हाये." माणसाला अशा वेळी काय आठवेल, सांगता येत नाही.

पुढे तांदूळ वेळेवर पोचवायचा होता. पंपावरून कॅननं डिझेल आणून टाकलं. झाकण म्हणून ड्रायव्हरनं बारदान्याचा एक तुकडा गुंडाळून टाकीच्या तोंडात खुपसला. मासुलकसा आला. ड्रायव्हरनं गिअर खाली घेतला, सवयीनं बीडी काढून ओठांत धरली, काडेपेटी मांडीवर ठेवली. पहिलं वळण. आम्ही दोघंही इंजिनकडे कान देऊन बसलो. दुसरं वळण. क्लीनर पोरानं दगडासाठी अर्धं दार उघडून धरलं होतं, ते तसंच. तिसरं वळण गेलं, चढ संपला, सपाटी लागली. बीडी न पेटवताच ओठांत राहिली होती. ड्रायव्हरचा चेहरा उतरला होता. "गुरुजी, काहीतरी गडबड हाये जी," तो म्हणाला. "थांबली नाही."

साळेबुवांचा फोन. "कुठं थांबली?"

"थांबली नाही."

"मग बंद कुठं पडली?"

"पडली नाही. चढली."

"पूर्ण?" असं विचारून त्यांनी फोन ठेवला आणि लगेच पुन्हा केला. त्यांना वाटलं, चुकून दुसऱ्याच कुणाला लागला.

आता आमच्या गाडीचं एक वेळापत्रक बसलेलं होतं. घाटातल्या बिड्या धरून ती पुढच्या नाक्यावर अशा भलत्या वेळी पोचायची की तिथे कुत्रंही जागं नसे. त्या दिवशी ती निरोगी माणसासारखी वेळेत पोचली. भरारी पथक उभं होतं, ताजंतवानं. गाडी काट्यावर घेतली. काट्यानं चिठ्ठी काढली, ३६ टन ४०० किलो. मोटार वाहन कायद्यात २०१९ च्या सुधारणेनंतर जादा वजनाचा दंड ₹ २०,०००, शिवाय वरच्या दर टनाला ₹ २,०००, शिवाय जादा माल उतरवण्याचा खर्च आपला. मी चिठ्ठी घडी करून खिशात ठेवली. इतक्या तज्ज्ञांनी खोदून खोदून विचारूनही जो आकडा साळेबुवांच्या तोंडून निघाला नव्हता, तो एका काट्यानं एक अक्षर न बोलता काढला होता.

परतल्यावर मिस्त्रीनं उघड्या टाकीकडे आणि त्यातल्या बारदान्याकडे बघितलं. बराच वेळ बघितलं. मग विचारलं, "पयलं झाकन कसं होतं?" साळेबुवांनी अभिमानानं वर्णन केलं, लोखंड, कुलूप, ट्यूबचे दोन थर, एक कण आत नाही. मिस्त्रीनं कपाळावर हात मारला. डिझेल टाकीतून जितकं उपसलं जातं तितकी हवा आत यावी लागते. त्यासाठी झाकणाला बारीक वाट ठेवलेली असते. आमच्या झाकणाला ती नव्हती. भरली गाडी चढावर तासाला तीस-पस्तीस लिटर डिझेल पिते. टाकीत पोकळी होते, आणि ती पोकळी डिझेलला मागे ओढून धरते. रिकाम्या गाडीची तहान कमी, तेवढी हवा कुठल्यातरी फटीतून मिळून जाई. आणि थांबलं, की बीडीभर वेळात फटीतून हवा शिरून टाकीचा जीव भांड्यात पडे.

"मी पयल्याच दिवशी म्हनलं होतं," मिस्त्री म्हणाला, "हवेचा प्रॉब्लेम हाये."

हे खरं होतं. हवा आत जाते म्हणून बंद पडते, असं तो म्हणाला होता. हवा आत जात नव्हती म्हणून बंद पडत होती. पण हवेचाच. लॅपटॉपवाला म्हणाला, त्याच्या कोडमध्ये हेच होतं, वाचणारा पाहिजे. पंपवाला म्हणाला, नवा पंप बसायला थोडे दिवस घेतोच, तेवढे दिवस झाले. सासूबाईंनी त्या चोराचं भलं होवो म्हणून हात जोडले. साळेबुवांना ते आवडलं नाही. ते चोराविरुद्ध तक्रार लिहीत होते आणि झाकणाची किंमत डिझेलच्या आधी लावत होते.

मी खिशातली चिठ्ठी काढून मिस्त्रीपुढे धरली. त्यानं चष्मा वर केला, आकडा वाचला, पाट्यांकडे बघितलं, पुन्हा आकडा वाचला. मग त्यानं चिठ्ठी पंपवाल्याकडे दिली, पंपवाल्यानं लॅपटॉपवाल्याकडे. साळेबुवा तक्रारीच्या कागदावरून मान वर करायला तयार नव्हते.

"इतकं घेऊन चढली न जी?" मिस्त्री म्हणाला. "मंग बंद काहून पडत होती, ते इचारू नका. चालत काहून होती, ते इचारा."